बी उगवलं म्हणून माती निर्दोष ठरत नाही

मातीतलं विष बी आणि शैवाल वापरून जोखण्याच्या चाचण्यांवरच्या लेखाला तुमचा आक्षेप असा: मातीत शिसं भरपूर निघालं, तरी मुळ्याचं बी जवळजवळ सगळं उगवलं, मातीच्या अर्कात शैवाल तर कंट्रोलपेक्षा, म्हणजे तुलनेसाठी ठेवलेल्या स्वच्छ नमुन्यापेक्षा, जोमाने वाढलं, म्हणजे या चाचण्या बिनकामाच्या. निरीक्षणं मान्य, निष्कर्ष नाही.

उगवण हा सगळ्यांत बोथट निकष. बी स्वतःच्या साठ्यावर उगवतं आणि टरफल बराचसा धातू बाहेरच अडवतं. मार बसतो तो मुळाला, म्हणून मुळांची लांबी मोजा. कुंडीतल्या चाचणीत कंट्रोलची निम्मी रोपं वर आल्यावर १४ ते २१ दिवसांनी कोंब कापून ६० अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवा. कंट्रोलमध्येच उगवण ७० टक्क्यांखाली असेल तर चाचणी बाद धरा.

शैवालाचं कोडं जास्त गुंतागुंतीचं आहे. तुमचा शिशाचा आकडा आम्लात विरघळवलेल्या मातीचा. अर्क मात्र एक भाग मातीला दहा भाग पाणी, २४ तास हलवून, ०.४५ मायक्रॉनमधून गाळलेला. उदासीन मातीत शिसं चिकणमाती, सेंद्रिय पदार्थ आणि लोहाच्या ऑक्साइडांना धरून बसतं, अर्कात फारसं उतरतच नाही. सामू (पीएच) घसरला, म्हणजे माती आम्लधर्मी झाली, की तेच सुटू लागतं.

जोमाचं कारण बहुधा अर्कातलं नायट्रेट आणि फॉस्फेट. म्हणून कंट्रोलसकट अर्काच्या प्रत्येक प्रमाणाला पोषकद्रव्यं सारखी ठेवावी लागतात, नाहीतर खत विषाला झाकतं. शैवाल ज्या द्रावणात वाढवता त्या माध्यमातलं ईडीटीए, म्हणजे धातूंना धरून ठेवणारं रसायन, तेही तपासा: प्रमाणित चाचणीत ते लिटरला ०.१ मिलिग्रॅम असतं, शैवाल जोपासायच्या काही माध्यमांत ५० मिलिग्रॅम. इतकं ईडीटीए धातू बांधून टाकतं आणि विषारी अर्कही निरुपद्रवी भासतो. सुरुवात मिलिलिटरला ५ ते १० हजार पेशींनी करा. ७२ तासांत कंट्रोल किमान १६ पट वाढलं पाहिजे, त्याचा सामू १.५ पेक्षा जास्त चढता कामा नये. गढूळ अर्कात प्रकाशशोषणावर विसंबू नका, पेशी मोजा. अर्क तपकिरी असेल तर सावलीनेही वाढ खुंटते. साध्या माध्यमातल्या शैवालाभोवती बाहेरच्या भांड्यात अर्क ठेवून तेवढा परिणाम वेगळा काढता येतो.

क्षारांनीही मुळं आखूड होतात, हा तुमचा मुद्दा मात्र बिनतोड आहे, आणि लेखात तो यायलाच हवा होता. अर्काची विद्युतवाहकता मोजा आणि तेवढ्याच वाहकतेच्या मिठाच्या द्रावणात एक वेगळा कंट्रोल लावा. तिथेही मुळं तितकीच आखूड निघाली, तर दोष शिशावर ढकलता येणार नाही.