गियर अडकतो म्हणून लगेच क्लच प्लेट? एका प्रतिक्रियेला उत्तर

दादा, तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. तुमचं स्वतःचं गॅरेज आहे आणि तुमचं म्हणणं असं की क्लचच्या लेखात मी लोकांना घरच्या घरी चाचण्या सांगून उगाच गोंधळात टाकतोय, गियर पडत नसेल तर प्लेट गेलेली असते, सेट (प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग एकत्र) टाकायचा, विषय संपला. शिवाय हँडब्रेक लावून करायच्या थर्ड गियरच्या चाचणीने आहे ती प्लेटपण जळते असं तुम्ही लिहिलंय. उत्तर जरा लांबणार आहे, पण पहिल्या मुद्द्यावर मी मागे हटणार नाही कारण त्यात गाडीवाल्याचे हजारो रुपये जातात.

प्लेट झिजली की पकड कमी होते. इंजिन फिरतं पण चाकाला ताकद पोचत नाही, क्लच स्लिप मारतो. खंबाटकी घाट चढताना तिसऱ्यात ॲक्सिलरेटर दाबला की आरपीएमचा काटा सटकन वर जातो, इंजिन ओरडतं, स्पीड आहे तेवढाच, आणि मग तो जळका वास. ही झाली झिजलेल्या प्लेटची तक्रार. गियर न पडणं ही बरोब्बर उलटी तक्रार आहे, तिथे पेडल दाबूनही पकड सुटतच नाहीये. प्लेट पातळ झाली म्हणून पकड सुटायची थांबत नाही ना. आता तुम्ही म्हणाल प्लेट वाकली, शाफ्टवर गंज धरून अडकली किंवा प्रेशर प्लेटची, म्हणजे क्लच प्लेट दाबून धरणाऱ्या भागाची, बोटं झिजली तरी क्लच सुटत नाही. एकदम मान्य. पण ते गिअरबॉक्स उतरवल्यावर कळतं, त्याआधी बाहेरून बघण्यासारखं बरंच असतं आणि माझा सगळा आग्रह तेवढ्यासाठीच आहे.

आमच्या शेजारच्या काकांचंच बघा. रिव्हर्स टाकताना खर्रर्र आवाज, सकाळी पहिला गियर पडेना, आणि एका गॅरेजमध्ये गाडी न उघडताच सेटचं एस्टिमेट हातात. मी काकांना म्हटलं इंजिन बंद करून गियर टाकून बघा, सगळे लोण्यासारखे पडले. म्हणजे गियर लिव्हरच्या वायरी ठीक. मग इंजिन चालू करून क्लच पूर्ण दाबला, चार-पाच सेकंद थांबलो (रिव्हर्सला बऱ्याच गाड्यांत सिंक्रो, म्हणजे गियरचे वेग जुळवणारा भाग, नसतो, घाई केली तर चांगल्या क्लचलाही खर्रर्र होतंच) आणि मग रिव्हर्स, तरी आवाज. पेडल तीन-चार वेळा पंप केल्यावर मात्र गपचूप पडला. तिथेच संशय आला. बॉनेट उघडलं तर ब्रेक ऑइलची पातळी खाली, आणि पेडलच्या मागे कार्पेट उचलून हात लावला तर ओलं, चिकट. मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर ऑइल पुढे ढकलणारा भाग) गळत होता! तो बदलला, ऑइलमधली एअर काढली, आणि गाडी त्याच जुन्या प्लेटवर आजही चालतीये. त्या गाडीत क्लच आणि ब्रेकचं ऑइल एकाच डबीतून जातं, त्यामुळे नुसती प्लेट बदलून ही गळती तशीच राहिली असती तर काय, हा विचार मला जास्त त्रास देतो.

वायरवाल्या गाड्यांत, म्हणजे जिथे पेडल ऑइलऐवजी वायरने क्लच ओढतं, तर स्लिपलासुद्धा लगेच प्लेट म्हणू नये. वायर फार ताणून ॲडजस्ट केली असेल, पेडलला वरती थोडा ढिलेपणा उरलाच नसेल, तर पाय न ठेवताही रिलीज बेअरिंग प्रेशर प्लेटच्या बोटांवर दाबून राहतं आणि चांगली प्लेटही स्लिप मारायला लागते. हे तुम्ही रोज बघत असाल. पेडल जड झालं तरी आधी वायर काढून हाताने ओढून बघायची, आतून गंजली असेल तर तिथेच कळतं.

थर्ड गियरच्या चाचणीबद्दल. हँडब्रेक लावून थर्डमध्ये क्लच सोडायचा, क्लच चांगला असेल तर इंजिन लगेच बंद पडतं, प्लेट घासायला वेळच मिळत नाही. इंजिन चालूच राहिलं तर तेव्हाच पेडल दाबायचं, उत्तर मिळालं. परत परत केली तर जळणार, खरंय, म्हणून लेखात एकदाच असं लिहिलंय. तरी कुणाला भीती वाटत असेल तर मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गियरला ४०-४५ च्या स्पीडला ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून काटा बघा, काटा आणि स्पीड बरोबर वाढले पाहिजेत.

एका बाबतीत मी पूर्ण तुमच्या बाजूने आहे, एकदा गिअरबॉक्स खाली आलाच तर नुसती प्लेट टाकून पैसे वाचवू नयेत. प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग सगळं बदलावं, फ्लायव्हीलवर निळे डाग आहेत का बघावं, मागचं ऑइल सील पाझरत असेल तर तेही, नाहीतर नवीन प्लेटवर ऑइल येऊन गाडी उचलताना थरथरणार आणि मजुरी परत भरावी लागणार.

तुम्ही ज्या गाडीचं उदाहरण दिलंय ती वायरवाली आहे की ऑइलवाली ते लिहिलं नाहीत, आणि पेडल पंप केल्यावर गियर पडत होता का? तेवढं सांगा, मग पुढे बोलू.