पुट्टीचा पहिला हात लागण्याआधी

नव्या घराचं काम चालू असलेल्यांसाठी लिहितेय. पोस्ट मोठी आहे, पण पेंटर कामावर यायच्या आधी वाचाच.

आमच्या आधीच्या घरात हॉलची भिंत रंगवून झाली तेव्हा मी कितीतरी वेळ तिच्यावरून हात फिरवत होते, इतकी गुळगुळीत झाली होती. संध्याकाळी भिंतीला लागून असलेला दिवा लावला आणि तीच भिंत लाटा उठल्यासारखी दिसायला लागली. खळगे, उंचवटे, पुट्टीच्या (रंगाआधी भिंत गुळगुळीत करायला लावतात त्या लेपाच्या) पत्र्याने उमटलेल्या रेघा, सगळं वर आलं. दिवसा यातलं काही दिसत नव्हतं. गुळगुळीत आणि सपाट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मला त्या संध्याकाळी कळलं, आणि तोवर रंगाचे पैसे देऊन झाले होते.

सपाटपणा गिलाव्यातच यावा लागतो. आतल्या भिंतीचा सिमेंटचा गिलावा साधारण १२ मिलिमीटर असतो, छताचा ६ च्या आसपास. व्हाइट सिमेंटची पुट्टी दोन हातांत, म्हणजे दोन थरांत मिळून जेमतेम दीड मिलिमीटर भरते. म्हणजे गिलाव्यात ५ मिलिमीटरचा खड्डा राहिला असेल तर तो पुट्टीने भरायचा नसतोच. जाड थापलेली पुट्टी तडकते, मग सुटते. म्हणून गवंडी जागेवर असतानाच अ‍ॅल्युमिनियमची सहा फुटी पट्टी भिंतीवर उभी, आडवी, तिरकी धरून बघा. पट्टीखालून उजेड दिसला की तिथे खडूने खूण करा आणि त्याच्याकडूनच दुरुस्त करून घ्या. "पुट्टीत निघून जाईल" हे वाक्य ऐकून गप्प बसू नका. मी बसले होते.

दुसरी गोष्ट वाळण्याची, आणि इथे मी हट्टाने बोलणार आहे. सिमेंटच्या गिलाव्यावर किमान सात दिवस पाणी मारावं लागतं, आणि त्यानंतर ते सगळं पाणी बाहेर पडायला कित्येक आठवडे जातात. घाई करून ओल्या गिलाव्यावर पुट्टी मारली की आतलं पाणी बाहेर येताना क्षार घेऊन येतं आणि पोपडे धरतात. ताजं सिमेंट अल्कलीयुक्त असतं, त्याने रंगही खराब होतो, त्यामुळे अल्कलीला टिकणारा प्रायमर (रंगाखालचा पहिला थर) लागतो. ओल तपासायला सोपा उपाय आहे. पारदर्शक प्लास्टिकचा दीड फुटी चौकोन चारही बाजूंनी टेपने भिंतीला घट्ट चिकटवा आणि दुसऱ्या दिवशी बघा. आत दव धरलं असेल किंवा भिंत काळपट पडली असेल तर थांबा. राहायला जायची तारीख पुढे गेली तरी चालेल.

जिप्सम की सिमेंट, हे बरेच जण विचारतात. जिप्सम प्लास्टर थेट विटांवर किंवा काँक्रीटवर लागतं, त्याला पाणी मारावं लागत नाही, आकसण्याच्या भेगा कमी पडतात आणि पृष्ठभाग मुळातच मऊसूत येतो. कोरड्या खोल्यांसाठी मी डोळे झाकून तेच निवडेन. पण पाणी त्याला सोसत नाही. बाथरूम आणि ओल येणाऱ्या बाहेरच्या भिंतींना सिमेंटच हवं. आणि वीट नि काँक्रीट जिथे भेटतात तिथे आधी जाळी मारून घ्या, नाहीतर वर कितीही महागडं फिनिश केलंत तरी त्या रेषेवर भेग येतेच.

छताबद्दल माझं मत ठाम आहे: मॅट, एकदम मॅट. खिडकीतला उजेड छतावरून घासत आत जातो, त्यामुळे तिथला बारीकसा उंचवटाही सावली टाकतो. चकचकीत रंगाने तो आणखी उठून दिसतो. जिप्सम बोर्डाच्या, म्हणजे तयार पत्रे जोडून केलेल्या छताच्या किंवा भिंतीच्या कामात फिनिशचे ० ते ५ असे दर्जे मानतात. त्यातला पाचवा, म्हणजे नुसते सांधे न भरता सगळ्या बोर्डावर पातळ थर ओढायचा, तो मुख्यतः चकचकीत रंगासाठी आणि अशा तिरप्या उजेडासाठीच सांगितलेला आहे. टेक्सचर करून दोष झाकायचा सल्लाही मिळेल. मला तो पटत नाही. त्यात धूळ बसते आणि पुढे एक कोपरा दुरुस्त करायचा झाला तर ठिगळ दिसतंच.

या वेळी पुट्टी घासून झाल्यावर, प्रायमरच्या आधी, अंधार पडल्यावर आम्ही पेंटरदादांना थांबवून घेतलं. मी बॅटरी भिंतीला अगदी टेकवून आडवी धरली आणि ते पेन्सिलने गोल करत गेले. एका भिंतीवर अकरा गोल निघाले, छतावर त्याहून जास्त. त्यांना राग येईल असं वाटलं होतं, पण तेच म्हणाले, "ताई, अजून जरा खाली धरा, तिथे पण आहे." दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळे गोल भरले, तोंडाला मास्क लावून बारीक पॉलिशपेपरने घासले. संध्याकाळी पुन्हा बॅटरी लावली, तेव्हा छतावर दोनच उरले होते. ते भरून, घासून झाल्यावरच प्रायमरचा डबा उघडला.