आडनाव विरळ, म्हणून वंश एकच?

एक संदेश बरेच दिवस फिरतो आहे. त्यातलं आडनाव प्रत्येक गटात बदलतं, बाकी मजकूर तोच. म्हणणं थोडक्यात असं: आपलं आडनाव फार थोड्या लोकांचं आहे, म्हणून जगात या आडनावाचे जेवढे लोक आहेत ते सगळे एकाच मूळपुरुषाचे वंशज. नकाशावर या नावाचं गाव दिसलं की ते आपल्याच पूर्वजांनी वसवलेलं. आडनाव विरळ, अर्थात घराणं प्राचीन. या आडनावात सोयरीक करू नये, कारण ती भावकीत होईल. आणि शेवटी एक फॉर्म, सगळ्यांनी भरून पाठवायचा.

आडनाव विरळ आहे, हे खरं असू शकतं. अडचण त्यापुढच्या प्रत्येक ‘म्हणून’मध्ये आहे.

‘एकच मूळपुरुष’

मुंबईकडून सलामीला येणारे आणि भारताकडून कसोटी खेळलेले दोन पारकर होऊन गेले. रामनाथ पारकर १९७२-७३ मध्ये इंग्लंडविरुद्ध दोन कसोटी खेळले, गुलाम पारकर १९८२ मध्ये लॉर्ड्सवर एक. दोघांचाही जन्म रत्नागिरी जिल्ह्यातला. दोघांबरोबर सलामीला उतरले ते सुनील गावसकर. एक पारकर हिंदू, दुसरे कोकणी मुसलमान. पाचसातशे वर्षांमागे कुठे धागा जुळतही असेल. पण तो जुळतो असं ठरवायला आडनाव पुरत नाही.

कोकणातल्या बेने इस्रायली, म्हणजे ज्यू, समाजाची आडनावं बघा. पेणवरून पेणकर, किहीमवरून किहीमकर, रोह्यावरून रोहेकर. मुंबईतलं पहिलं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, १७९६ मध्ये बांधलं ते सामाजी हसाजी दिवेकर यांनी. दिवेकर हिंदूही आहेत, हे सांगायला नको. गावावरून आडनाव पडतं तेव्हा गाव कुणाची जात किंवा धर्म विचारत बसत नाही. त्या गावातून जो जो बाहेर पडला, तो तो त्या गावचा ‘कर’.

हुद्द्यावरून आलेल्या आडनावांत तर मूळपुरुष एकच निघणं जवळजवळ अशक्य. शिवकाळात किल्ल्यावर हवालदार असे, हजेरी-हिशेब ठेवणारा सबनीस असे, कोठारं सांभाळणारा कारखानीस असे. जेवढे किल्ले, तेवढ्या नेमणुका. त्यांतल्या काही घरांनी हुद्दा सुटल्यावरही नाव ठेवलं, काहींनी सोडलं. आज कारखानीस थोडे दिसतात म्हणून एकच आदि-कारखानीस शोधायला निघणं म्हणजे एका किल्ल्याला सगळा मुलूख समजणं. चिटणीस, पोतनीस, पारसनीस यांचंही तेच. गोव्यात वेगळी तऱ्हा: पोर्तुगीज अमलात धर्मांतर झालेल्यांना अनेकदा बाप्तिस्म्याच्या वेळच्या धर्मपित्याचं किंवा पाद्र्याचं आडनाव मिळालं. एकाच दिवशी एकच आडनाव मिळालेली दोन कुटुंबं एकमेकांची कुणीही नसत.

उलट बाजू या संदेशात कधीच नसते: रक्त एक, आडनावं वेगळी. तुकोबांचं आडनाव आंबिले, कूळ मोरे. जोतीराव फुल्यांचं घराणं मूळचं साताऱ्याकडच्या कटगुणचं, आडनाव गोऱ्हे. पेशव्यांना फुलं पुरवण्याच्या कामामुळे ते फुले झाले. फलटणचे नाईक निंबाळकर निंबळक गावावरून निंबाळकर, पण आपलं मूळ ते पवार सांगतात. राजर्षी शाहू जन्माने कागलचे यशवंतराव घाटगे. १८८४ मध्ये दत्तक गेले आणि भोसले झाले. आता ‘आडनावावरून वंश’ काढणाऱ्याने त्यांना कोणत्या यादीत घालायचं? रक्त बघाल तर भोसल्यांच्या यादीतून नाव काढावं लागेल, आणि आडनाव बघाल तर घाटग्यांच्या. दत्तकाची पद्धत ज्या समाजात इतकी रुळलेली होती, तिथे आडनावाला रक्ताचा पुरावा मानण्याचं धाडस व्हावं याचंच नवल वाटतं.

या संदेशाच्या बाजूने एक गोष्ट मात्र नोंदवली पाहिजे. ब्रिटनमध्ये आडनाव आणि वाय गुणसूत्र यांचा संबंध तपासला गेला आहे. हे गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जातं, तिथलं आडनावही तसंच. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एकच आडनाव असलेल्या, पण ओळखीचं नातं नसलेल्या पुरुषांच्या १५० जोड्या घेतल्या होत्या. सुमारे चौथा हिस्सा जोड्यांत अलीकडचा समान पूर्वज असल्याची खूण मिळाली. आडनाव जितकं विरळ, तितकं हे प्रमाण वाढत गेलं आणि सर्वांत विरळ आडनावांत निम्म्याच्या आसपास पोचलं. म्हणजे विरळपणाने शक्यता वाढते, हे बरोबर. पण ‘सगळे एकाच पुरुषाचे’ हे विधान त्यातून निघत नाही. निम्म्याच्या आसपास म्हणजे निम्मे जुळलेच नाहीत. शिवाय तिथली आडनावं कित्येक शतकं वंशपरंपरेने चालत आलेली. आपल्याकडे असंख्य घरांची आडनावं इंग्रजी अमलात शाळेच्या रजिस्टरात, पलटणीच्या यादीत, कोर्टाच्या कागदात आणि रेल्वेच्या नोकरीत पक्की झाली. त्याआधी माणूस अमक्याचा अमका, अमुक गावचा, एवढं पुरत होतं. ब्रिटनमधला निष्कर्ष उचलून इथे चिकटवता येत नाही.

‘या नावाचं गाव म्हणजे आपलं मूळ गाव’

हा मुद्दा सगळ्यांत गोड वाटतो, आणि सगळ्यांत जास्त गोंधळ यातच आहे.

गावात राहणाऱ्याला गावाचं नाव आडनाव म्हणून लागण्याचं कारण नसतं. होळ गावात प्रत्येक जण होळकर म्हणवून घेऊ लागला तर कोण कोणाला ओळखणार? होळकर हे नाव होळ सोडून गेल्यावर अर्थपूर्ण होतं. नव्या ठिकाणचे लोक विचारतात कुठचे, आणि उत्तराला ‘कर’ लागतो. म्हणजे असं आडनाव फार तर इतकं सांगतं की कुणा पूर्वजाने अमुक गाव सोडलं. ते गाव त्याने वसवलं होतं की तिथे एक पिढी काढून तो पुढे गेला होता, हे त्यात नसतं. त्यातही होळ नावाची गावं एकाहून जास्त आहेत. मल्हाररावांचं होळ नीरेच्या काठचं. पण बीड जिल्ह्यात केज तालुक्यातही होळ आहे. पिंपळगाव, वडगाव, निमगाव यांची तर मोजदादच नको. महाराष्ट्रात चाळीस हजारांहून जास्त गावं आहेत आणि नावं त्या मानाने फारच कमी. नकाशावर बोट ठेवणाऱ्याचं बोट पहिल्या सापडलेल्या गावावर थांबतं, एवढंच.

बाबासाहेबांचं उदाहरण इथे फार उपयोगी आहे. घराण्याचं आडनाव सकपाळ. गाव रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगड तालुक्यातलं आंबडवे. त्या गावावरून आंबडवेकर, त्याचं पुढे आंबेडकर. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेच्या रजिस्टरात ‘भिवा रामजी आंबेडकर’ अशी नोंद झाली. त्यांचा जन्म मात्र मध्य प्रदेशातल्या महूचा. आता नकाशा उघडा. उत्तर प्रदेशात १९९५ मध्ये फैजाबादमधून वेगळा काढलेला आंबेडकर नगर जिल्हा आहे. महूचं नाव २००३ पासून डॉ. आंबेडकर नगर आहे. संदेशाचा नियम लावला तर आंबेडकर घराण्याचं मूळ उत्तर प्रदेशात निघेल. आधी गावावरून आडनाव झालं, मग आडनावावरून गावं. नकाशाला यातलं आधी कोण आणि नंतर कोण ते दाखवता येत नाही. कोकणातल्या वाड्यांचंही असंच: भोसलेवाडी, राऊतवाडी ही नावं तिथे राहणाऱ्या घरांवरून पडलेली असतात, त्या घरांची आडनावं वाडीवरून नव्हे.

गोव्यातल्या मंगेशीकडे बघा. मास्टर दीनानाथांचं घराणं तिथल्या देवळाच्या पुजाऱ्यांचं. मंगेशकर हे आडनाव त्यांनी गावावरून घेतलं, त्याआधी ते हर्डीकर. त्याच देवळातल्या अभिषेकाच्या सेवेवरून अभिषेकी हे आडनाव आलं, पंडित जितेंद्र अभिषेकींचं. गाव एक, देऊळ एक, दोन्ही आडनावं विरळ, आणि ‘मूळ गाव’ शोधताना नकाशावर मंगेशी सापडेल, अभिषेक नावाचं गाव काही सापडणार नाही.

परदेशातली गावं जोडण्याचा उद्योग तर निव्वळ इंग्रजी स्पेलिंगवर चालतो. तुर्कस्तानात ‘काले’ नावाची ठिकाणं आहेत. त्यांचं रोमन स्पेलिंग आपल्या ‘काळे’ आडनावासारखंच दिसतं. ‘काले’ म्हणजे तुर्की भाषेत किल्ला. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात केन नावाचं गाव आहे, ते वसवणारे थॉमस केन यांच्यावरून. स्पेलिंग भारतरत्न पां. वा. काण्यांचंच. काण्यांचा कुणी पूर्वज तिथे जाऊन आला असेल असं अजून तरी कुणी लिहिलेलं नाही, पण वाट बघायला हरकत नाही. आणि ज्यांना शेवटी ‘कर’ दिसला की गाव दिसतं, त्यांच्यासाठी: बंगालमध्ये ‘कर’ एवढंच आडनाव असतं. कोलकात्यातलं प्रसिद्ध वैद्यकीय महाविद्यालय राधागोविंद कर यांच्या नावाचं आहे.

‘विरळ म्हणजे प्राचीन’

याला फार जागा द्यायला नको. आडनाव विरळ असण्याची एक वाट म्हणजे ते नवं असणं. कुणीतरी आजोबांच्या पिढीत राजपत्रात नाव बदलून घेतलेलं असतं. दुसरी वाट म्हणजे घरात मुलगे न होणं. इंग्रज शास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टन यांनी १८७३ मध्ये नेमका हाच प्रश्न छापला होता की आडनावं नाहीशी का होतात, आणि १८७४ मध्ये हेन्री वॉटसन यांच्याबरोबर त्यावर निबंध लिहिला. (वॉटसन यांचं गणित शेवटी चुकलं; त्यांच्या हिशेबाने सगळीच आडनावं कधी ना कधी संपणार होती.) मुद्दा असा की केवळ योगायोगाने एक आडनाव फोफावतं आणि शेजारचं विझतं. दोन्ही एकाच दिवशी सुरू झालेली असू शकतात. विरळपणावरून वय निघत नाही.

‘आपसात सोयरीक नको’

हा मुद्दा घरांत खरी अडचण करतो, म्हणून जरा थांबून. सगोत्र विवाहाची आडकाठी १९४६ च्या कायद्याने काढली. १९५५ चा हिंदू विवाह कायदा आडनाव बघतच नाही; तो सपिंड, म्हणजे ठराविक पिढ्यांच्या आतलं, नातं बघतो. स्वतःपासून मोजून वडिलांच्या बाजूने पाच पिढ्या, आईच्या बाजूने तीन. त्यातही रूढी असेल तर सूट आहे, आणि मामेबहिणीशी लग्न करणारे समाज महाराष्ट्रात आहेतच. आडनाव वेगळं असूनही सपिंड असणारी कितीतरी माणसं तुमच्या घरात जेवून जातात: आतेभाऊ, मावसभाऊ, मामेभाऊ. आडनावाची चाळणी त्यातलं एकही नातं पकडत नाही.

परंपरेचंही तसंच. लग्न जमवणाऱ्या जुन्या माणसांनी केवळ आडनावावर कधी विश्वास ठेवला नाही. मराठ्यांत आणि इतर अनेक समाजांत देवक, म्हणजे कुळाचं पूज्य चिन्ह, विचारतात. देवक एक निघालं तर आडनावं वेगळी असूनही बोलणी तिथेच थांबतात. ब्राह्मणांत गोत्र विचारत, आणि जोशी हे एकच आडनाव कितीतरी गोत्रांत आहे. खेड्यात भावकी ठरते ती सुतकावरून. अमक्याच्या घरी माणूस गेलं तर आपल्याला सुतक लागतं का, याचं उत्तर घरातल्या म्हाताऱ्यांना ठाऊक असतं आणि ते संदेशाहून जास्त विश्वासाचं असतं. विरळ आडनावाच्या मुलामुलीचं स्थळ केवळ आडनाव जुळलं म्हणून परत पाठवायला ना कायद्याचा आधार आहे, ना रूढीचा.

‘फॉर्म भरा’

एकाच आडनावाच्या लोकांनी जमायला, संमेलन भरवायला, एकत्र जेवायला कुणाची ना नाही. नातं नसलं तरी गप्पा रंगतात. कुलवृत्तांत छापण्याची चांगली परंपरा मराठीत आहे, आणि ज्यांनी तो नीट केला त्यांनी आधी कागद गोळा केले: जमिनीचे फेरफार, जन्म-मृत्यूच्या नोंदी, नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या, घरातले मोडी दस्त आणि ते वाचणारा माणूस. जिथे दोन शाखांमधला दुवा मिळाला नाही, तिथे त्या शाखा वेगळ्याच छापल्या. जात पडताळणी समितीसमोर जाऊन आलेल्या कुणालाही विचारा: आडनाव तेच आहे म्हणून दुसऱ्याच्या दाखल्यावर काम होत नाही. वंशावळ दाखवावी लागते आणि प्रत्येक पायरीला कागद लागतो.

संदेशातला फॉर्म यातलं काहीच मागत नाही. तो मागतो पूर्ण नाव, जन्मतारीख, मोबाइल नंबर आणि आईचं माहेरचं आडनाव. विरळ आडनावाच्या माणसाला गर्दीत लपता येत नाही. नाव आणि जन्मतारीख एवढ्यावरच तो नेमका कोण ते कळतं. आईचं माहेरचं आडनाव हा तर खात्याची ओळख पटवण्यासाठी अनेक ठिकाणी विचारला जाणारा प्रश्न. वंशवृक्षच हवा असेल तर पणजोबा-खापरपणजोबांची नावं आणि गावं लिहून पाठवा. हयात माणसांचे रकाने कोरे ठेवा, आणि फॉर्म कोरा रकाना स्वीकारत नसेल तर तो पाठवूच नका.