फ्लॅमेन्को आणि टँगो: पहिल्यांदा ऐकताय तर इथून सुरू करा

परवा भाचा म्हणाला, मामा, फ्लॅमेन्को गिटार ऐकायला लागलोय, आणि लावलं काय होतं तर 'फ्रायडे नाइट इन सॅन फ्रान्सिस्को'. पाको दे लुसिया (स्पेनच्या फ्लॅमेन्को संगीताचा गिटारवादक), जॉन मॅक्लॉफ्लिन आणि अल दि मेओला, तिघांच्या गिटारचं १९८० चं लाइव्ह. रेकॉर्ड जबरदस्तच आहे, पण त्यातून बोटांचा वेग कळतो, फ्लॅमेन्को नाही कळत. म्हणून त्याला जे सांगितलं तेच इथे लिहितोय.

पाकोचाच १९७३ चा अल्बम घ्या, 'फुएन्ते ई काउदाल'. त्यातली 'एन्त्रे दोस आग्वास' ही रुम्बा (फ्लॅमेन्कोचा नाचऱ्या ठेक्याचा प्रकार) जगभर गाजली, ती आवडतेच, पण तिथे थांबू नका. त्याच अल्बमचं नाव ज्या तुकड्यावरून आलंय तो तारान्ता आहे, हा प्रकार खाणकामगारांच्या गाण्यांतून आला, ठेका नाही, आपल्या आलापासारखं मोकळं चालतं. रात्री एकट्याने ऐका. मग 'सिरोको', १९८७. माझ्या मते पाकोचं सगळ्यात नितळ काम, आणि त्यातली जुने गिटारवादक नीन्यो रिकार्दोंच्या नावाने वाजवलेली सोलेआ (हाही फ्लॅमेन्कोचाच एक प्रकार) तर मी किती वेळा ऐकली असेल देव जाणे.

सोलेआ बारा मात्रांची असते, पण एकतालासारखी पहिल्या मात्रेवर सम शोधायला गेलात की हरवलातच. जोर ३, ६, ८, १०, १२ वर येतो आणि वाक्य बहुतेकदा दहावर मिटतं. टाळी देत मोजा, चार दिवसांत अंगात बसतं. आणि गाणं टाळू नका प्लीज! ही गिटार मुळात गाणाऱ्याला साथ करत मोठी झाली. गायक कामारोन दे ला इस्ला आणि पाकोने १९६९ पासून एकत्र केलेले अल्बम आहेत, कुठलाही लावा. आवाज पहिल्यांदा चिरका वाटेल, तिसऱ्यांदा नाही वाटणार.

आता टँगो, अर्जेंटिनाचं नाचाचं संगीत. इथे सगळे थेट संगीतकार आस्तोर पियात्सोलाच्या 'लिबरटँगो'ला भिडतात. मी म्हणतो आधी ब्वेनोस आयरेसच्या नाचाच्या ऑर्केस्ट्रा ऐका, तीन-तीन मिनिटांच्या जुन्या तबकड्या. हुआन दारिएन्सोची ऑर्केस्ट्रा ऐकली की पाय आपोआप हलतो, आणि त्यात ड्रम नसतो बरं का, सगळा ठेका पियानो, बेस आणि बान्दोनेऑन (अकॉर्डियनसारखं भात्याचं वाद्य) मिळून धरतात. संथ हवं तर कार्लोस दि सार्लीच्या ऑर्केस्ट्राचं 'बाहिया ब्लांका'. आणि पियानोवादक ओस्वाल्दो पुग्लिएसेच्या ऑर्केस्ट्राचं 'ला युंबा', १९४६, युं-बा, युं-बा असा तो ठेकाच नावात आहे. पुग्लिएसे कम्युनिस्ट होते, तुरुंगात टाकलं की ऑर्केस्ट्रा त्यांच्याशिवाय वाजवायची आणि पियानोवर एक लाल कार्नेशन ठेवलेलं असायचं. हे माहीत झाल्यापासून मला त्यांचा पियानो वेगळाच ऐकू येतो.

नंतर आनिबाल त्रोइलोची ऑर्केस्ट्रा, १९४१ च्या सुमारचं, फिओरेन्तिनो गायक. या ऑर्केस्ट्रात विशीतला पियात्सोला बान्दोनेऑन वाजवायचा. हे पुरतं कानात मुरलं की मग १९८६ चा 'टँगो: झीरो अवर' लावा, एका बैठकीत, मोबाइल बाजूला ठेवून. आणि त्यानंतर 'सुईट त्रोइलेआना', १९७५ मध्ये त्रोइलो गेल्यावर पियात्सोलाने त्याच्यासाठी लिहिलेली. चार भाग आहेत, पहिल्याचं नाव 'बान्दोनेऑन' आणि दुसऱ्याचं 'सिता', त्रोइलोच्या बायकोचं नाव.