चिठ्ठीशिवाय विशेषज्ञ का नको? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

आधी नेहमीचा डॉक्टर, मग गरज पडली तर त्याच्या चिठ्ठीने विशेषज्ञ, अशी पायऱ्यांची व्यवस्था हवी असं मी लिहिलं होतं. त्यावर तुम्ही म्हणता, "ही डॉक्टरांची सोय आहे. चिठ्ठीच्या नादात कॅन्सर वाढतो. मी थेट मोठ्या हॉस्पिटलातच जाणार."

कॅन्सरचं तुमचं म्हणणं रास्त आहे. ब्रिटनमध्ये चिठ्ठीची पद्धत 1948 पासून मुरलेली, तरी कॅन्सरचा संशय आल्यास दोन आठवड्यांत विशेषज्ञाने पाहावं अशी वेगळी वाट 2000 साली करावी लागली. घाईच्या पेशंटसाठी अशी वाट हवीच.

पण सगळ्यांनीच थेट जायचं, हे मला पटत नाही. संशोधक केर व्हाइट आणि सहकाऱ्यांनी 1961 साली ब्रिटन-अमेरिकेच्या माहितीवरून हिशेब मांडला होता : हजार प्रौढांपैकी महिन्याभरात 750 जणांचं काहीतरी दुखतं-खुपतं, 250 डॉक्टरकडे जातात, 9 ॲडमिट होतात आणि विद्यापीठाच्या हॉस्पिटलात पाठवावा लागतो एक. आकडे जुने आहेत, मान्य. पण उरलेलेही त्याच ओपीडीत आले, तर डोकं दुखणाऱ्याशी नीट बोलण्यापेक्षा एमआरआय लिहून देणं सोपं पडतं. त्यात एखादा निरुपद्रवी ठिपका दिसला की पुढच्या तपासण्या सुरू. ज्याच्या डोक्यात खरंच गाठ आहे, तो त्याच रांगेत मागे उभा असतो.

आणि सोय म्हणाल, तर डॉक्टरांचंच यावर एकमत नाही. विशेषज्ञ वैतागतात कारण चिठ्ठीवर "पोटदुखी, कृपया पाहावे" एवढंच असतं. चालू गोळ्या नाहीत, जुने रिपोर्ट नाहीत. फॅमिली डॉक्टर म्हणतात, वर पाठवलेला पेशंट परत येतच नाही, वर काय झालं तेही कळत नाही. पेशंटमागे फी मिळत असेल तर त्याला सोडावंसं कुणालाच वाटत नाही (हे आम्ही डॉक्टर चारचौघांत बोलत नाही). फ्रान्सने 2004 च्या कायद्याने पेशंटच्या खिशाला हात घातला : नेमलेल्या डॉक्टरला टाळून गेलात तर विम्याची भरपाई कमी. त्याने पेशंट वळतो. चिठ्ठी सुधारत नाही.

"मधुमेह जुना, लघवीतून प्रथिनं जाताहेत, क्रिएटिनिन वाढतंय, मेटफॉर्मिनचा डोस कमी करू का?" (म्हणजे मूत्रपिंड थकतंय, तर मधुमेहाची ही गोळी कमी करू का) अशी विचारणा चिठ्ठीत असेल तर विशेषज्ञाला नेमकं उत्तर देता येतं. ते उत्तर, नवा डोस आणि पुन्हा कधी पाठवायचं हे लिहून, पाठवणाऱ्या डॉक्टरकडे परत गेलंच पाहिजे. सक्ती करायचीच असेल तर आधी या उलट टपालाची करा, मग पेशंटवर.