ड्रॉपचा अर्ज भरण्याआधी

परवा रात्री भाचीचा फोन आला. "मावशी, मी ऑरगॅनिक केमिस्ट्री ड्रॉप करतेय. माझ्याच्यानं नाही होत." त्याच दिवशी चाचणीचे गुण कळले होते, 30 पैकी 9. कोर्स सोडायची मुदत शुक्रवारपर्यंत आहे. मी एवढंच म्हटलं, सोड हवं तर, पण आज नको.

मग विचारलं, अभ्यास कसा केलास? म्हणाली, नोट्स चार वेळा वाचल्या. माझ्या मते सगळी मेख इथेच आहे. चौथ्यांदा वाचताना पान ओळखीचं वाटतं आणि ती ओळख म्हणजेच आपल्याला येतंय असं वाटायला लागतं. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये हेच तपासलं होतं. पुन्हा पुन्हा वाचणारी मुलं पाच मिनिटांनी पुढे होती, पण आठवड्यानंतर जास्त आठवलं ते न बघता आठवून लिहिणाऱ्यांना.

तिला म्हटलं, कोरा कागद घे आणि वही मिटून ठेव. ब्रोमोमिथेनवर, म्हणजे एक ब्रोमीन आणि तीन हायड्रोजन असलेल्या कार्बनवर, हायड्रॉक्साइड येतो. इलेक्ट्रॉन कुठून कुठे जातात ते दाखवणारा बाण काढ. तो ब्रोमीनच्या विरुद्ध बाजूने कार्बनला भिडतो आणि त्याच वेळी ब्रोमीन सुटतो. आता त्या कार्बनवरच्या तीन हायड्रोजनच्या जागी तीन मिथाइल गट ठेव, ते हायड्रोजनपेक्षा बरेच मोठे. मागची वाट बंद झाली! आता ब्रोमीनला आधी निघावं लागतं. ही एक अडचण कळली की एसएन1 (ब्रोमीन आधी निघतो ती रिअॅक्शन) आणि एसएन2 (दोन्ही एकाच वेळी होतं ती) वेगवेगळे पाठ करावे लागत नाहीत. शंभर रिअॅक्शन घोकणाऱ्याला हा विषय राक्षस वाटणारच.

गुणांचा हिशोबही मांडला. तिच्याकडे पास व्हायला 100 पैकी 40 लागतात, म्हणजे उरलेल्या 70 पैकी 31. अवघड आहे, अशक्य नाही.

याचा अर्थ कधीच सोडू नये असा नाही. मी स्वतः फिजिकल केमिस्ट्री सोडली होती. थर्मोडायनॅमिक्समध्ये पानोपानी पार्शल डेरिव्हेटिव्ह आणि माझं साधं डिफरन्सिएशनही कच्चं. तिथे अभ्यासाची पद्धत बदलून भागणार नव्हतं, पायाच नव्हता. ते सत्र गणिताला दिलं, पुढच्या वर्षी तोच कोर्स पुन्हा घेतला आणि सुटले. वाईट एकाच गोष्टीचं वाटतं: लाजेपोटी मुदतीच्या शेवटच्या दिवसापर्यंत कोणाला बोलले नाही. तेवढे आठवडे फुकट गेले आणि बाकीचे विषयही मागे पडले.

म्हणून ज्यांच्या घरात असं मूल आहे त्यांना कळकळीनं सांगते, "तुला जमेल" किंवा "सोडून दे" म्हणण्याआधी ते नेमकं कुठे अडतंय ते विचारा. कोर्स शिकवणाऱ्या सरांना किंवा मॅडमना उत्तरपत्रिका दाखवून एकदा भेटायला सांगा.

भाचीचं अजून ठरलेलं नाही. काल तिनं कागदाचा फोटो पाठवला. एक बाण उलटा होता, कार्बनकडून हायड्रॉक्साइडकडे. खाली तिनंच लिहिलं होतं, "चूक. इलेक्ट्रॉन ज्याच्याकडे आहेत तिथून बाण निघतो."