पोर्टला नाव असं ठेवा की जग नावं ठेवील

लिनक्ससाठी नेटवर्क स्विचचा ड्रायव्हर लिहायला घेतलाय? मग आधी पोर्टांचं (केबल लावायच्या जॅकचं) बारसं उरका. नाव ठेवण्याचा मान खरं तर युडेव्हचा, म्हणजे उपकरणांना नावं देणाऱ्या लिनक्समधल्या प्रोग्रामचा. पण आत्याबाई येईपर्यंत थांबतंय कोण? पाळणा हलायच्या आधीच कानात ‘कुर्र’ करून मोकळे व्हा.

नाव सुचत नसेल तर ‘ईथ’ लिहा आणि पुढे आकड्याची जागा मोकळी सोडा. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, पहिला रिकामा आकडा उचलून चिकटवतो. जो ड्रायव्हर आधी जागा झाला त्याचा पोर्ट ईथ०. उद्या ड्रायव्हरची मॉड्यूल वेगळ्या क्रमाने चढली की तोच ईथ४. डब्यावर छापलेला आकडा मात्र हलत नाही, हा दोष डब्याचा.

कंटाळवाण्या लोकांची पद्धत वेगळी. ड्रायव्हर फक्त दोन गोष्टी सांगतो: पोर्ट कोणत्या स्विचचा आणि त्या स्विचवर त्याची ओळख काय. त्या सिसएफएसमध्ये (कर्नल आपली माहिती फायलींसारखी मांडतो ती जागा) दोन फायली म्हणून दिसतात. त्या वाचून युडेव्हचा एका ओळीचा नियम स्विच, पोर्ट आणि (पोर्ट फोडला असेल तर) तुकडा असं नाव जुळवतो. ही ओळख विचारली की तुम्ही ‘सोय उपलब्ध नाही’ असा एरर परत करा आणि निवांत राहा. खरा कलावंत मात्र ही माहिती पहिल्या आवृत्तीत देत नाही, दोन वर्षांनी देतो. मग सिस्टमडी (लिनक्स सुरू करणारा प्रोग्राम, युडेव्ह त्याचाच भाग) जुन्या नावाला ‘एनपी०’ असं शेपूट जोडतं, आयपी आणि फायरवॉलचे नियम जुन्या नावाला लटकत राहतात, आणि कर्नल अपडेट करून रीबूट केलेला सर्व्हर परत येत नाही. तो नेमका दुसऱ्या शहरातल्या डेटा सेंटरमध्ये असतो.

घरच्या राउटरसारखा छोटा स्विच डीएसएखाली (अशा स्विचसाठीची कर्नलमधली सोय) असेल तर डिव्हाइस ट्रीमध्ये, म्हणजे हार्डवेअरचं वर्णन करणाऱ्या फायलीत, ‘लेबल’ लिहायला जागा असते. चिपचा पोर्ट ० बोर्डावरून फिरत फिरत चौथ्या जॅकला जोडलेला असू शकतो. असू दे. डबा उलटून बघण्याचे कष्ट घेऊ नका, ‘लॅन०’ लिहून टाका. चार जॅकवर १ ते ४ छापलेलं असताना ‘लॅन०’ शोधणारा माणूस बघण्यासारखा असतो. 

१०० गिगाबिटचा पोर्ट फोडून २५चे चार करता येतात. फोडल्यावर जुना इंटरफेस (लिनक्सला दिसणारं पोर्टाचं रूप) जातो, चार नवे येतात. त्यांना मूळ आकड्यामागे ०, १, २, ३ अशी उपनावं दिली तर शेजाऱ्यांना धक्काही लागत नाही. म्हणून सलग क्रमांक द्या. ३२ पोर्टांच्या स्विचवर पहिला फोडला की दुसरा होतो पाचवा, आणि उरलेल्या ३१ जणांची नावं एका फटक्यात बदलतात.

नाव लांबलचकही हवं. मर्यादा १५ बाइटची. तुम्ही १२ खाल्ले की मागे लागणारं टिंब आणि ४०९४ हा व्हीलॅनचा (एकाच तारेवरच्या वेगळ्या नेटवर्कचा) क्रमांक मावतच नाही.

मराठी अभिमान असेल तर देवनागरीतही चालतं. दर अक्षरचिन्हाला ३ बाइट, म्हणजे ‘कपाट१’ बरोब्बर १५मध्ये बसतं. ‘कोठा१’ही १५चंच, पण ते कर्नल नाकारतो: नावात स्पेस चालत नाही, आणि ‘ठ’चा शेवटचा बाइट त्याच्या जुन्या लॅटिन तक्त्यात स्पेस म्हणून नोंदलेला आहे. एरर येतो नुसता ‘इनव्हॅलिड आर्ग्युमेंट’. तेव्हा ‘कोठा’च ठेवा.